केळ्याचा वास

जिथे बसला आहात तिथेच बसून राहा आणि फक्त एवढं मनात आणा. सकाळ झाली आहे, शाळेची वेळ होत आली आहे, आणि तुमचे गुडघे काही केल्या उठायला तयार नाहीत. पाणी पिऊन फुगलेलं लाकडी दार जसं चौकटीत अडकून बसतं, तसे ते अडकून बसले आहेत. ओढले तर दुखतात, नाही ओढले तरी दुखतात. स्वयंपाकघरातून आई हाक मारते, तुम्ही "आले" म्हणता, पण येत नाही. आता त्या गुडघ्यांवर तळवा ठेवा. सगळं अंग थंड आणि गुडघे मात्र गरम, जणू ताप फक्त त्यांनाच आलाय.

एवढं जमलं असेल, तर तुम्ही त्या मुलीच्या अगदी शेजारी येऊन बसलात. तिला घरात भिंगरी म्हणत. चालायला शिकल्यापासून ती एका जागी उभी राहून गरगर फिरायची आणि मग भिंतीवर आपटून हसत सुटायची, म्हणून भिंगरी. आता ती दहा वर्षांची होती. गेले सात महिने ती कठड्याला धरून एकेक पायरी जिना उतरत होती. नाव तेवढं जुनंच राहिलं होतं.

गुडघ्यांची तिला आता सवय झाली होती. ती घाबरली होती ती वेगळ्याच गोष्टीला.

मागच्या आठवड्यात तिचे डोळे तपासले होते. "डोळ्यांना काय झालंय? मला सगळं दिसतंय," असं ती वाटेत तीन वेळा आईला म्हणाली होती. तिथे हनुवटी एका पट्टीवर टेकवायची, कपाळ दुसऱ्या पट्टीला लावायचं, आणि मग सुरीच्या पात्यासारखा एक बारीक उजेड डोळ्यात शिरायचा. डोळ्यांचे डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी आईलाही त्या काचेतून बघायला लावलं. दाराच्या फटीतून ऊन आलं की त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात ना, तसे कण भिंगरीच्या डोळ्यात त्या उजेडात तरंगत होते.

"ती धूळ नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या तिच्याच रक्तातल्या पेशी आहेत. गुडघ्यात जे चाललंय तेच इथे सुरू झालंय. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, म्हणूनच जपायचं. वेळेवर औषध नाही दिलं तर नजर जाऊ शकते."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. भिंगरीचा हात तिने इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

मग सांध्यांच्या डॉक्टरबाईंनी नवीन औषध लिहून दिलं. जाड पेनासारखी एक वस्तू होती, आत सुई. दर दोन आठवड्यांनी एकदा मांडीवर टेकवायची, दाबायची आणि दहा आकडे मोजायचे. सुईची भिंगरीला भीती वाटली हे खरं, पण त्याहून मोठी भीती वाटली ती पुढच्या बोलण्याची. डॉक्टरबाई दारातच आईला सांगत होत्या, "शरीराचे पहारेकरी एकमेकांना निरोप पाठवतात. हे औषध त्यातला एक निरोप अडवतं. त्यामुळे खरंच काही जंतू शिरला तर पहारेकरी जरा उशिरा जागे होतील. ताप आला तर लगेच फोन करा."

तेवढंच तिने ऐकलं. त्या दिवसापासून तिच्या मनात एक घर उभं राहिलं. दारं सताड उघडी, राखणदार तोंडात बोळा घालून बसलेले, आणि बाहेरून कुणीतरी हळूहळू आत येतंय. औषध नाही घेतलं तर नजर जाणार, घेतलं तर तो कुणीतरी आत येणार. ती कुणालाच काही बोलली नाही. ते पेन फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी होतं. दूध काढताना ती तिकडे बघतच नसे, पण नुसतं न बघून ते पेन थोडंच नाहीसं होणार होतं.

इंजेक्शन बुधवारी संध्याकाळी द्यायचं ठरलं होतं. आणि बुधवार उजाडला.

शाळा सुटली की भिंगरी मामाकडे जायची. आई पार्सलं निवडायच्या कचेरीत कामाला होती, पाच वाजेपर्यंत तिची सुटका नसे. मामा आईचा मोठा भाऊ, मधमाश्या पाळायचा. पाण्याच्या टाकीमागच्या फळबागेत त्याच्या अकरा पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि कडेला पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मेणाचा, धुराचा आणि मामाच्या जुन्या सदऱ्याचा मिळून एक वास असे.

मामाचे नियम फार, आणि तो ते इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायचा की खरे कुठले आणि थट्टेतले कुठले ते कळत नसे. पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, त्यांच्या रस्त्यात आपण कोण? पेटीजवळ शिट्टी वाजवायची नाही, राणीसाहेब झोपल्यात. पेटीच्या आसपास केळं खायचं नाही.

"केळं का नाही?" भिंगरीने एकदा विचारलं होतं.

"त्यांना केळ्याचा वास आला की त्या पिसाळतात," मामा म्हणाला होता. "माझी मागच्या जन्मीची सासू त्यांच्यात आहे. तिलाही केळं चालायचं नाही."

हा नियम तिने थट्टेतल्यांत टाकून दिला होता.

पण एक गोष्ट तिने खऱ्यांत ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे मामा आपली दहाही बोटं पसरून दाखवायचा. "साठी उलटली, पण बोटं बघा. सांधेदुखी म्हणून नाही. का? तर या पोरी रोज चावतात. डॉक्टरकडे जातंय कोण." मध घ्यायला आलेली माणसं माना डोलवायची. मधमाश्या पाळणारे सगळेच असं म्हणतात, आणि एकमेकांकडून ऐकून जास्तच ठासून म्हणतात.

बुधवारी दुपारी मामा खोलीत पेटीतल्या लाकडी चौकटींना तार ताणून बसवत होता. भिंगरी दप्तर ठेवून बाहेर आली. दुपारचं ऊन पानांतून खाली सांडलं होतं. पक्ष्यांना ठेवतात तसं एक उथळ ताट मामाने माश्यांच्या पाण्यासाठी ठेवलेलं होतं, आत खडे, म्हणजे माशी बुडत नाही. तिने त्याच्या काठावरची एक माशी काचेच्या पेल्याखाली अलगद धरली, खालून वहीचा पुठ्ठा सरकवला, आणि तिसऱ्या पेटीच्या बाजूला मामाचं बुटकं स्टूल होतं त्यावर जाऊन बसली. तिथे खोलीच्या खिडकीतून कुणी दिसत नाही, हे तिला माहीत होतं.

हिशेब सरळ होता. माश्यांनी सांधे बरे होतात. सांधे बरे झाले की डोळे बरे. मग संध्याकाळी आई फ्रिज उघडेल तेव्हा म्हणता येईल, बघ, गुडघा उतरला, आता ते नको.

तिने पुठ्ठा काढून पेला गुडघ्यावर पालथा घातला. माशी काचेवर चढली, घसरली, पुन्हा चढली. चावायचं तिच्या मनातच नव्हतं. भिंगरीने पेला जरा उचलून बोट आत घातलं आणि डोळे मिटून माशीला गुडघ्यावर दाबलं.

तापलेली सुई घुसावी तसं झालं. डोळ्यांतून पाणी आलं, पण ती ओरडली नाही. झालं, असं तिला वाटलं. संपलं.

मग वास आला. गोड, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. तिने इकडे तिकडे पाहिलं. केळं कुठेच नव्हतं. वास तिच्या गुडघ्यावरूनच येत होता.

आणि शेजारच्या पेटीचा आवाज बदलला. इतका वेळ दूरच्या मोटारीसारखी मंद घरघर होती, ती चढत चढत बारीक झाली. दुसरी माशी आली ती वळणं न घेता थेट, आणि पहिलीच्या अगदी शेजारी चावली. वास वाढला. तिसरी हातावर बसली. चौथी केसांत शिरली आणि तिथेच अडकून कानाजवळ करकरायला लागली. प्रत्येक नवी माशी चावत होती, तिच्या डंखाबरोबर तोच वास पसरत होता, आणि त्या वासाच्या हाकेला आणखी येत होत्या. भिंगरीने उठायचा प्रयत्न केला. गुडघे उठले नाहीत. पळणं तर सोडाच, तिला स्टुलावरून खाली सरकताही येईना. 

"मामा," ती म्हणाली. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला तो अख्ख्या बागेला ऐकू जाईल असा.

मामा धावत आला. हातात तो कायम धुमसत ठेवायचा तो धुराचा डबा होता, भाता दाबला की चोचीतून पांढरा धूर सोडणारा. त्याने माश्यांवर धूर मारला नाही. खाली बसून पहिल्यांदा तिच्या गुडघ्यावर मारला, मग हातावर, मग केसांत, जिथे जिथे डंख होता तिथे. केळ्याचा वास धुरात बुडून गेला. मग त्याने तिला खांद्यावर टाकलं आणि खोलीत नेलं. मागे पेटीचा आवाज हळूहळू पुन्हा खाली उतरला, कुणी काही झालंच नाही म्हटल्यासारखा.

खोलीत त्याने नखाने खरवडून नांग्या काढल्या. "एक. दोन. घसा खाजतोय का? तीन. ओठ जड वाटतायत? श्वास घे बघू, मोठा. चार." सात निघाल्या. प्रत्येक नांगीनंतर मामा तिच्या ओठांकडे बघत होता. एकदाही त्याने थट्टा केली नाही, आणि माश्यांपेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

श्वास नीट होता. तरी मामाने तिला गाडीत घालून थेट दवाखान्यात नेलं.

आई कचेरीतल्या निळ्या कोटातच धावत आली. भिंगरीला खाटेवर बसलेली पाहिल्यावर तिच्या जिवात जीव आला, आणि लगेच ती मामावर उलटली.

"दादा, तुझ्या भरवशावर पोर ठेवली होती मी. अकरा पेट्यांतल्या माश्या मोजता येतात तुला, आणि एक मुलगी सांभाळता येत नाही?"

मामाने मान खाली घातली. 

"मामाने नाही," भिंगरी म्हणाली. "मीच चावून घेतलं. मला सुई नको होती. मामाची बोटं जशी बरी झाली तसं मला करायचं होतं."

 मामाने आपल्या हातांकडे पाहिलं. उजव्या हाताची बोटं मिटायला लागला. तीन मिटली, दोन अर्ध्यावरच थांबली.

"बरी नाहीत गं," तो म्हणाला. "रोज सकाळी दुखतात. किटलीचं झाकण उघडत नाही मला. लोकांपुढे बोलत नाही, एवढंच."

आई बघतच राहिली. "आणि इतकी वर्षं आम्हाला शहाणपण शिकवतोस?"

"त्यातच इतकी वर्षं गेली," मामा म्हणाला.

सांध्यांच्या डॉक्टरबाई आत आल्या तेव्हा त्यांनी ते शेवटचं ऐकलं असावं, पण दाखवलं नाही. त्यांनी भिंगरीची नाडी पाहिली, सुजलेला हात पाहिला, आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. "मला सगळं सांग. घाई नाही."

भिंगरीने पेल्यापासून सांगितलं. केळ्याच्या वासापाशी आल्यावर डॉक्टरबाई पुढे झुकल्या.

"तो वास कशाचा होता?"

उत्तर मामाने दिलं. "हाक असते ती. माशी चावली की तो वास सुटतो. बाकीच्यांना कळतं, इथे शत्रू आहे, या. त्या येतात, चावतात, त्यांचाही वास सुटतो. केळ्याला नेमका तसाच वास, म्हणून केळं नाही." मग भिंगरीकडे न बघता तो म्हणाला, "सासूचं खोटं होतं. केळ्याचं खरं होतं."

"आता गुडघ्यावर हात ठेव," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डंख नाहीत त्या गुडघ्यावर. आत तुझ्या पेशी अगदी हेच करतायत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, तुझ्या राखणदार. एकीला कसा कोण जाणे, गैरसमज झाला की इथे शत्रू आहे. तिने हाक सोडली. वास नाही, पण वासासारखाच एक बारीकसा पदार्थ. ती हाक पोचली तशा दुसऱ्या आल्या, त्यांनीही तीच हाक सोडली. शत्रू कुणीच नाही, पण हाका थांबत नाहीत. गुडघा सुजतो, गरम होतो. डोळ्यातही तेच."

"मग त्या वाईट आहेत?"

"तुझ्या मामाच्या माश्या वाईट आहेत?"

भिंगरीने नाही अशी मान हलवली. त्या फक्त घाबरल्या होत्या. तिच्यासारख्याच.

"ते पेन म्हणजे धूर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पेशींना मारत नाही. त्यांची एक हाक तेवढी वाटेत धरून ठेवतं. आणि डंखांनी गुडघे बरे होतात असं कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. जिथे आधीच इतका आरडाओरडा आहे तिथे आणखी सात हाका कशाला? आज कुणी श्वास कोंडून पडलं असतं तर काय केलं असतं?"

हे शेवटचं त्या भिंगरीला म्हणाल्या, पण मान खाली घातली ती मामाने.

आता भिंगरीने ते विचारलं, जे आठवडाभर मनात अडकून होतं. "पण हाक थांबली, आणि खरंच कुणी आत आलं तर?"

आई काहीतरी समजुतीचं बोलायला गेली. डॉक्टरबाईंनी हाताने थांबवलं.

"येऊ शकतं," त्या म्हणाल्या. "मी तुला खोटं नाही सांगणार. राखणदारांना हाका मारायच्या इतरही तऱ्हा आहेत, त्या चालूच राहतात. पण जंतू आला तर ते थोडे उशिरा धावतील. म्हणून ताप आला, खोकला झाला, जखम चिघळली, की त्याच दिवशी मला कळवायचं."

भिंगरीचा चेहरा उतरला. ते घर पुन्हा तिच्यासमोर उभं राहिलं, दारं सताड उघडी.

मामा खुर्चीवरून उठला आणि खाटेच्या कडेला येऊन बसला. "भिंगरे, पेटीला धूर दिल्यावर मी काय करतो?"

"चौकटी बाहेर काढतोस."

"त्याच्या आधी."

तिने आठवून पाहिलं. "स्टूल घेऊन पेटीच्या तोंडाच्या बाजूला बसतोस. हातात ती चपटी फळी घेऊन."

"कशाला?"

"गांधीलमाश्या येतात म्हणून. धूर दिला की माश्यांना पटकन कळत नाही, म्हणून..." ती थांबली.

"म्हणून तेवढा वेळ पहारा मी करतो," मामा म्हणाला. "धूर देऊन निघून जाणारा मधमाश्यांचा माणूस मी अजून पाहिला नाही."

इंजेक्शन त्या दिवशी द्यायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं. डंख उतरू देत, शुक्रवारी द्या, पण शुक्रवार चुकवू नका. डोळे वाट बघत बसणार नाहीत.

ते दोन दिवस भिंगरीला फार लांब गेले. तिची भीती गेली नव्हती. शाळेत फळ्यावरचं अक्षर जरा अंधूक दिसलं की तिचं धाबं दणाणायचं. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून ती बघायची. बाईंनी विचारलं तर डोळ्यात कचरा गेलाय म्हणायची. फ्रिज उघडला की आता ती पेनाकडे बघत होती, एवढाच काय तो फरक.

शुक्रवारी आई सहाला घरी आली. मामा आधीच येऊन बसला होता. हातपाय धुऊन, केस विंचरून, लग्नाला निघाल्यासारखा. आईने विचारलं, "जेवायला आलास का?" तो म्हणाला, "कामाला आलोय."

पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं असतं, थंड औषध जास्त झोंबतं. आई उठायला लागली. भिंगरी म्हणाली, "थांब."

ती खुर्चीला धरून उठली आणि फ्रिजपर्यंत गेली. दुधाच्या पातेल्यामागून तिने पेन काढलं, दोन्ही हातांत धरून टेबलावर ठेवलं, आणि घड्याळात पाहिलं.  मामाने एक विनोद करून पाहिला, पण तो कुणालाच हसवू शकला नाही, त्यालाही.  एकदा तर ती म्हणाली, "आई, उद्या दिलं तर?" आई उत्तर द्यायच्या आत भिंगरीनेच पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

अर्धा तास झाला. तिने कपाटाच्या खणातून ताप मोजायची काचेची नळी आणली, ती मामाच्या सदऱ्याच्या खिशात घातली, आणि खिशावर वरून हात दाबला.

"रोज सकाळी शाळेच्या आधी यायचं," ती म्हणाली. "आणि मी विसरले तरी तू विसरायचं नाहीस."

मग ती आईच्या शेजारी बसली, फ्रॉक मांडीवरून वर सरकवला, आईच्या हातावर आपला हात ठेवून पेन मांडीला टेकवलं, आणि डोळे उघडे ठेवून, मोठ्याने, एकपासून मोजायला लागली.